एपी वर्ल्ड हिस्टरीची तयारी: भाचा सुट्टीत इंदूरला येतोय, त्याच्याकडून काय करून घेऊ?

मालव्यातली_मावशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ताईचा मुलगा न्यू जर्सीत शिकतो. सप्टेंबरमध्ये दहावीत जाईल आणि तिथे त्याने 'एपी वर्ल्ड हिस्टरी' (एपी म्हणजे अमेरिकी शाळांतले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) हा विषय घेतलाय. जूनअखेर आजी-आजोबांकडे येतोय, ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुक्काम. तो येईल तेव्हा आमच्या कॉलनीतल्या पोरांच्या शाळा सुरू झालेल्या असतील, म्हणजे दिवसभर घरात एकटाच. ताईने फोनवर फर्मान काढलंय, "रोज दोन तास त्याच्याकडून इतिहास करून घे, तू एमपीपीएससीची एवढी तयारी केली होतीस." केली होती खरी, पण ती सगळी सनावळ्यांची. इथे म्हणे निबंध लिहावे लागतात.

भाऊजींनी आधीच एक जाडजूड गाईड पाठवून दिलंय. पोरगं हुशार आहे, नकाशे आणि स्ट्रॅटेजी गेम यांत रमतं, पण इतिहासाचं मोठं उत्तर त्याने आजवर लिहिलेलं नाही. शाळेने सांगितलंय, १२०० सालाच्या आधीचं थोडं वाचून या, आणि सुरुवातीलाच नकाशाची चाचणी आहे.

गाईड पहिल्या पानापासून सुरू करावं का? ज्यांच्या मुलांनी हा कोर्स केलाय त्यांनी सांगा. इंदूरकरांनीही सांगा, इथे बसून जगाचा इतिहास कसा शिकवायचा.

एडिसनकर

मावशी, ते गाईड कपाटात ठेवा. एप्रिलमध्ये उजळणीला कामाला येतं, जूनमध्ये नुसती झोप येते. माझ्या दोन्ही मुलींनी हा कोर्स केलाय. आधी परीक्षेचं स्वरूप सांगते, त्यावरून सुट्टीत काय करायचं ते आपोआप कळेल.

परीक्षा मे महिन्यात, सव्वातीन तासांची. पहिले ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४० टक्के वजन. मग ४० मिनिटांत ३ लघुउत्तरी प्रश्न, २० टक्के. त्यानंतर डीबीक्यू, म्हणजे ७ कागदपत्रं किंवा चित्रं समोर ठेवून त्यांच्या आधाराने लिहायचा निबंध. वाचायची १५ मिनिटं धरून त्याला एक तास, वजन २५ टक्के. शेवटी एलईक्यू, हा स्वतःच्या माहितीवर लिहायचा मोठा निबंध, ४० मिनिटं, १५ टक्के. म्हणजे ६० टक्के मामला लिहिण्याचा. बहुपर्यायी प्रश्नही उतारा, नकाशा नाहीतर तक्ता देऊनच विचारतात. "अमुक तह कोणत्या साली झाला" असा सरळ प्रश्न येत नाही.

एकूण ९ युनिट. १२०० पासून आजपर्यंत. ३ ते ६ ही चार युनिट १४५० ते १९०० या काळाची आणि त्यांना प्रत्येकी १२ ते १५ टक्के, बाकीच्यांना ८ ते १० टक्के. अख्खा अभ्यासक्रम ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट मिळतो. मागच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न, मुलांनी लिहिलेली खरी उत्तरं आणि त्यांना किती गुण का दिले, तेही तिथेच आहे. माझ्या मते गाईडच्या दहा धड्यांपेक्षा अशी एक तपासलेली उत्तरपत्रिका जास्त शिकवते.

जिरावन

अहो मावशी, पोरगं इंदूरला येतंय की कोट्याला? रात्री सराफ्यात न्या, भुट्ट्याचा कीस खाऊ घाला, सकाळी पोहे. जगाचा इतिहास कुठे पळून जात नाही.

जुना_फळा

जिरावन यांचा सल्ला मी गंभीरपणे घेतो. सराफ्यातूनच सुरुवात करा.

भुट्ट्याच्या किसातला मका अमेरिका खंडातून आलेला. त्यातली हिरवी मिरचीही तिकडची. शेजारी साबुदाण्याची खिचडी मिळते. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं १४९२ नंतर समुद्र ओलांडून जुन्या जगात आलेलं. म्हणजे आजीची एकादशी ही कोलंबसानंतरची गोष्ट आहे. मुलाला कागदावर दोन रकाने करायला सांगा: अमेरिकेकडून काय आलं, अमेरिकेकडे काय गेलं. दुसऱ्या रकान्यात गहू, ऊस, घोडा लिहून झाला की देवी आणि गोवरही लिहायला लावा, आणि उसामागोमाग गुलाम करून नेलेले आफ्रिकन लोक. मग ती यादी खाण्यापुरती राहत नाही.

दिवसा त्याच सराफ्यात चांदीचे व्यवहार चालतात. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला १५४५ साली चांदीचा डोंगर सापडला. १५७१ मध्ये स्पॅनिश लोकांनी मनिला वसवलं आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून ती चांदी थेट आशियात यायला लागली. त्याच सुमारास मिंग चीनमध्ये कर चांदीत घेण्याची पद्धत पक्की झाली. मुघलांचा रुपयाही चांदीचाच. चौथं युनिट समजायला एवढं सूत्र हातात असलं की बाकीचे तपशील कुठे बसवायचे ते कळतं.

१२०० पूर्वीच्या वाचनाबद्दल: शाळेचं बरोबर आहे. कोर्स १२०० ला सुरू होतो, पण बौद्ध धर्म, इस्लाम, कन्फ्यूशियसचा विचार आणि रेशीम मार्ग तुम्हाला माहीत आहेत असं धरूनच चालतो. त्यात खोल उतरायची गरज नाही. प्रत्येक धर्म कुठे उगम पावला, कोणत्या वाटेने पसरला, कोणत्या राजवटींनी त्याला आसरा दिला, एवढं सांगता आलं की पुरे.

नकाशासाठी कोरा नकाशा छापून घ्या आणि त्यावर इब्न बतूताचा प्रवास काढायला सांगा. १३२५ मध्ये तो तांजियरहून निघाला. १३४२ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाचा दूत म्हणून दिल्लीहून चीनला जायला निघाला, तेव्हा ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन, दौलताबाद, नंदुरबार करत खंबायतच्या बंदराला पोचला. धार आपल्यापासून तासा-दीड तासावर. एकाच माणसाच्या मागे जाताना मोरोक्को, मक्का, पूर्व आफ्रिकेचा किनारा, मालदीव सगळं नकाशावर येतं. शिवाय दिल्ली आणि मालदीव अशा दूरच्या ठिकाणीही तो काझी म्हणून नोकरी मिळवू शकला, यातून इस्लामी जगाचा आवाकाही कळतो.

लोकमान्यनगर

मास्तर, तुमचं सगळं वाचायला छान आहे. पण तिकडच्या परीक्षकाला धार, मांडू माहीत असणार का? पोराने निबंधात 'माळवा' लिहिलं आणि परीक्षकाने डोकं खाजवून शून्य दिलं तर? मला वाटतं गाईडमध्ये जी उदाहरणं छापली आहेत तीच पाठ करावीत. सेफ.

एडिसनकर

काका, ही शंका मलाही होती. गुणांचे नियम वाचले तर त्यात ठरावीक उदाहरणांची सक्ती नाही. पुरावा नेमका हवा आणि तुमच्या मुद्द्याला लागू हवा. डीबीक्यूला ७ पैकी १ गुण खास यासाठीच असतो: दिलेल्या कागदांत नसलेली एक नेमकी गोष्ट आणून युक्तिवादाला जोडायची. पार्श्वभूमीच्या परिच्छेदात जे वापरलं तेच इथे पुन्हा चालत नाही, वेगळं लागतं. "माळवा, मध्य भारतातला संस्थानी प्रदेश" असं अर्ध्या वाक्यात सांगितलं की झालं. नुसतं नाव टाकून पुढे गेलात तर मात्र गुण नाही. ते पॅरिसच्या नावालाही लागू.

जुना_फळा

लोकमान्यनगर, तुमच्यासाठीच हे उदाहरण. आपल्या गावाचं आहे आणि सहाव्या युनिटच्या अगदी मध्यावर बसतं.

अफूयुद्ध हा त्या कोर्समधला ठरलेला विषय. ब्रिटनला चीनचा चहा हवा, बदल्यात चीनला फारसं काही नको, म्हणून चांदी द्यावी लागते. चांदी वाचवायला कंपनी हिंदुस्थानातली अफू पुढे करते. व्यसन वाढतं, चांदी उलटी चीनबाहेर वाहू लागते. १८३९ मध्ये लिन झेशू हा अधिकारी कँटनच्या परकी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून जास्त पेट्या जप्त करून नष्ट करतो, युद्ध होतं, १८४२ चा नानकिंगचा तह होतो, हाँगकाँग जातं, पाच बंदरं उघडावी लागतात. एवढं सगळ्या गाईडांत असतं.

आता त्यात नसलेला भाग. कंपनीची मक्तेदारी होती ती बंगाल-बिहारच्या अफूवर. माळवा शिंदे-होळकरांकडे, म्हणून इथली अफू कंपनीच्या हाताबाहेर. इंदूर-उज्जैनचे सावकार शेतकऱ्याला आगाऊ पैसे देत आणि माल राजपुतान्यातून सिंधमार्गे कराचीला, तिथून पोर्तुगिजांच्या दमणला पाठवत. १८१७ च्या महिदपूरच्या लढाईनंतर मंदसौरच्या तहाने होळकर ब्रिटिशांच्या अंकित झाले, तरीही ही वाट बंद पडली नाही. कंपनीने माल स्वतः विकत घेऊन पाहिला, संस्थानिकांशी करार करून पाहिले. शेवटी १८३० च्या दशकात तिने वेगळी वाट धरली: पासाची फी भरा आणि मुंबईहून उघडपणे न्या. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांनी घेतल्यावर कराचीची पळवाट संपली आणि फी वाढवता आली.

मुलाला यातून काय विचारायचं? "साम्राज्य सगळीकडे सारखंच चालत होतं का?" बिहारात शेतकऱ्याला कंपनीच्या एजन्सीलाच अफू विकावी लागे. माळव्यात देशी सावकार, संस्थानिक आणि मुंबईचे पारशी व्यापारी या साखळीत नफा कमावत होते. त्यांना बळी म्हणायचं की भागीदार? जमशेटजी जीजीभाईंची दानधर्माची बाजू आपल्याला ठाऊक असते, त्यांच्या संपत्तीतला अफूचा वाटा सहसा सांगत नाहीत. इंदूरमध्येही अफूच्या सट्ट्यात मिळवलेला पैसा पुढे कापडगिरण्यांत गेला. शेठ हुकुमचंद हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. उत्तर कोणतंही देऊ दे, पण पुराव्यानिशी दे म्हणावं.

याच धाग्याला जोडून एकदा पाताळपाणी-कालाकुंडची गाडी दाखवा. पावसाळ्यात तसंही सगळं इंदूर तिकडे लोटतं. खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. वसाहतीतल्या रेल्वेला पैसा लंडनहूनच आला, असं लिहिणाऱ्याला हे उदाहरण थांबवतं.

जिरावन

मी कीस खायला सांगितलं होतं, मास्तरांनी अफू काढली.

अटकेपार

सगळं ठीक. पण मी तो अभ्यासक्रम उघडून पाहिला. मराठ्यांचा उल्लेख किती? चौथ्या युनिटमध्ये उदाहरणांच्या यादीत एक ओळ, 'मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष'. बस. तेही ऐच्छिक. अठराव्या शतकात अर्ध्या हिंदुस्थानावर दबदबा असलेल्या सत्तेला एक ओळ आणि फ्रान्सच्या क्रांतीला पानंच्या पानं. अशा कोर्ससाठी इंदूरच्या पोराने सुट्टी का घालवावी?

एडिसनकर

एका वर्षात अख्खं जग आहे हो. इंका, सोंघाई, ओटोमन, सगळ्यांचीच हीच तक्रार असणार.

जुना_फळा

अटकेपार, एक ओळ आहे हे खरं, पण शेजारी कोण बसलंय ते पाहिलंत का? त्याच यादीत फ्रान्समधला फ्रोंदचा उठाव (१६४८ ते १६५३), रशियातले कोसॅकांचे उठाव, अंगोलाकडची राणी न्झिंगा (मृत्यू १६६३), न्यू इंग्लंडमध्ये इंग्रज वसाहतवाल्यांशी लढलेल्या मेटाकॉम या मूळनिवासी सरदाराचं युद्ध (१६७५) आणि आजच्या न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो या मूळनिवासी लोकांचं बंड (१६८०) आहे. आपल्याकडे राज्याभिषेक १६७४ चा. म्हणजे रायगडावर छत्र धरलं जात होतं त्याच्या आगेमागे जगभर लोक वाढत्या केंद्रीय सत्तेशी भांडत होते. आपल्या शाळेत शिवाजी महाराज शिकताना हे कुणी कधी सांगितलं? मला तरी कुणी सांगितलं नाही, आणि मीही वर्गात सांगायला फार उशिरा लागलो.

या एका ओळीवर चांगला तुलनेचा निबंध होतो. पुएब्लोंना स्पॅनिशांची वेठबिगार, खंडणी आणि मिशनऱ्यांनी चालवलेली धर्मावरची दडपणूक सोसवेना, त्यात दुष्काळ. पोपे नावाच्या धर्मपुरुषाने वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या गावांना एकत्र आणलं आणि स्पॅनिशांना हाकललं. १६९२ मध्ये स्पॅनिश परत आले. मराठ्यांच्या बाबतीत औरंगजेबाने १६७९ ला जिझिया पुन्हा लावला, १६८१ ला स्वतः दक्षिणेत उतरला आणि १७०७ ला तिथेच मेला. बंडानंतर टिकणारं राज्य का उभं राहिलं? किल्ले, अष्टप्रधान, चौथाई, आणि आदिलशाही-निजामशाहीत तयार झालेले सरदार. पुएब्लोंकडे यातलं काय होतं, काय नव्हतं? हा खरा प्रश्न.

ओळ एक असो की शंभर, पोराने मुघल-मराठे नीट वाचून गेलं तर वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा त्याचा पुरावा भक्कम असेल. मलिक अंबरही वाचा. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाही चालवतो, मुघलांना जेरीस आणतो. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार अटलांटिकपेक्षा वेगळा कसा होता, हे या एका आयुष्यावरून सांगता येतं.

अटकेपार

हे असं कुणी मांडलं असतं तर आम्हीही इतिहास घेतला असता. यादी उतरवून घेतली.

अहिल्यानगरी_एक्सप्रेस

थोडं अवांतर. माझ्या मुलीला मी 'त्या साली बाकीच्या जगात काय' असा खेळ लावला होता. अहिल्याबाई १७६७ ते १७९५. रशियात कॅथरीन १७६२ ते १७९६. चीनमध्ये चियेनलुंग १७३५ ते १७९६. मधल्या काळात अमेरिकेचं स्वातंत्र्य, फ्रान्सची क्रांती, १७९१ पासून हैतीतल्या गुलामांचा उठाव. महेश्वरच्या घाटावर बसून हे सांगितलं तर पोरं ऐकतात.

सेकंड_सेमिस्टर

मी हा कोर्स करून गेलोय, आता कॉलेजात आहे. मावशी, प्लीज त्याला रोज डीबीक्यू लिहायला बसवू नका. तो प्रकार वर्गात हळूहळू शिकवतात, सुट्टीत लादलं की चीड येते. माझं ऐका, आठवड्यातून दोनदा फक्त एक जुना कागद वाचायचा आणि एकच परिच्छेद लिहायचा. कुणी लिहिलं, कुणासाठी, तेव्हा काय चाललं होतं, आणि त्यामुळे या मजकुरावर किती विश्वास ठेवायचा. डीबीक्यूमध्ये निदान दोन कागदांबद्दल हे सांगता आलं की त्याचा वेगळा गुण असतो, आणि बहुतेक मुलं तिथेच घसरतात. "लेखक ब्रिटिश आहे म्हणून पक्षपाती आहे" असं लिहून गुण मिळत नाही. पक्षपात कुठल्या वाक्यात दिसतो आणि त्याचा युक्तिवादाशी काय संबंध, ते लिहावं लागतं.

मास्तरांच्या अफूला जोडून: लिन झेशूने १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरियाला लिहिलेलं पत्र इंग्रजीत ऑनलाइन मिळतं. लहान आहे. त्यात तो विचारतो की तुमच्या देशात जे विष चालू देत नाही ते आमच्याकडे का पाठवता. खरं तर इंग्लंडमध्ये तेव्हा अफू सर्रास विकली जायची. मग त्याने असं का लिहिलं? माहिती नव्हती, की राणीला शरमेत पाडायचं होतं, की हे पत्र चीनमधल्या वाचकांसाठीही होतं? पहिल्या परिच्छेदाला याहून चांगलं काही नाही.

आणि टायपिंगचा सराव. २०२५ पासून परीक्षा ब्लूबुक अ‍ॅपवर असते, निबंधही तिथेच टाइप करायचे. हाताने लिहायची सवय असलेल्यांचा वेळ जातो.

मालव्यातली_मावशी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचा आलाय. गाईड आजोबांनी ताब्यात घेतलंय आणि रोज दुपारी चष्मा लावून तेच वाचतात, परवा जेवताना मन्सा मूसाच्या १३२४ च्या हजयात्रेवर बोलत होते.

सराफा झाला, दोन रकाने झाले. आजीने खिचडी अमेरिकन आहे हे मान्य करायला साफ नकार दिला, उपवासाला मात्र चालेल म्हणाली. मांडूला गेलो. जहाज महालापेक्षा त्याला गोरखचिंचेची झाडं आवडली. आफ्रिकेतलं झाड इथे कसं, हे त्याने स्वतःहून विचारलं, आणि समुद्रापासून इतक्या आत असलेल्या सुलतानांचा बंदरांशी काय संबंध, हेही. यावर मी गप्प. आजोबा बोलत राहिले.

आता मुद्द्याचं. मराठे आणि पुएब्लो यांच्या तुलनेवर त्याने प्रमेयाचं वाक्य (थीसिस, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा) लिहिलंय, इंग्रजीतलं मराठीत देते: "मराठे आणि पुएब्लो या दोघांनीही परकीय सत्तेविरुद्ध मोठ्या धैर्याने लढा दिला, पण मराठे जास्त यशस्वी झाले." चालेल का?

अटकेपार

मला तर चालेल!

एडिसनकर

प्रमेयाच्या गुणाला नुसतं विधान पुरत नाही, युक्तिवादाची दिशा दिसावी लागते. 'जास्त यशस्वी' का, ते त्याच वाक्यात आणा.

जुना_फळा

एडिसनकर ताईंना अनुमोदन. आणखी दोन गोष्टी. धैर्य कुठल्या पुराव्याने मोजणार? ते काढा. 'परकीय' लिहिलं तर ते सिद्ध करावं लागेल. पुएब्लोंच्या बाजूने ते सोपं आहे. औरंगजेबाचा जन्म मात्र माळव्याच्या वेशीवरच्या दाहोदचा, आणि १६६५ मध्ये पुरंदरचा तह करवून घेणारा त्याचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग. (अटकेपार, रागावू नका. परीक्षक हेच विचारेल.)

त्याला असं काही जमतंय का पाहा: "धर्म आणि कर यांबाबत वाढत चाललेल्या केंद्रीय दडपणामुळे दोन्ही उठावांना बळ मिळालं, तरी दख्खनच्या सुलतानशाह्यांत तयार झालेले लष्करी व महसुली अनुभवाचे लोक हाताशी असल्याने मराठ्यांना राज्य उभारता आलं, तर पुएब्लो गावांची एकजूट स्पॅनिशांना हाकलल्यावर फार काळ टिकली नाही." लांब आहे, तो त्याच्या इंग्रजीत आटोपशीर करेल. माझं वाक्य जसंच्या तसं उतरवू देऊ नका.

मालव्यातली_मावशी (धागाकर्ती)

त्याला वाचून दाखवलं. म्हणतो, "मग मेटाकॉम घेतला तर? तो तर हरला." आणि लॅपटॉप घेऊन वर गेला.

जुना_फळा

घेऊ दे. फक्त सांगा, हरलेल्याची तुलना करताना वसाहतवाल्यांच्या बाजूने कोणत्या स्थानिक टोळ्या लढल्या ते आधी पाहा. मोहेगनांपासून सुरुवात कर म्हणावं.